काजळीची पेटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आमच्या मठातल्या स्वामींनाही नाही — आणि त्यांच्यासमोर तर मी दर श्रावणात जाऊन बसतो. तुम्हाला का सांगतोय, हे मलाही नीट ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित आता माझं वय झालं आणि सांगायचं राहून जाईल, ही धास्ती वाटायला लागली म्हणून.

पण एकदम सांगता येत नाही. आधी पेटीबद्दल सांगावं लागेल. पेटी कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. आणि खरं सांगू का — पेटीबद्दल बोलायला मला अजून आवडतं. एवढं होऊनही आवडतं. यावरून माणूस कसा आहे ते ओळखा.

मी मानवतला एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा तो कारखाना. वीज आली होती, पण ती कधी येईल आणि कधी जाईल हे तिचं तिलाच ठाऊक, म्हणून सगळी यंत्रं एका जुन्या डिझेल इंजिनावर चालायची. माणसापेक्षा उंच चाक, त्यावरून पट्टे, पट्ट्यांवर सगळा कारखाना. इंजिन भक्कम होतं, पण धूर फार टाकायचं. वारा फिरला की धुरातली काजळी अंगणात पसरलेल्या कापसावर येऊन बसायची. मग ग्रेडर यायचा, मूठभर रुई उचलायचा, काळे ठिपके बघून तोंड वाकडं करायचा आणि माल खालच्या प्रतीत ढकलायचा. एकदा तर धुराड्यातून ठिणगी उडून कापसाच्या ढिगावर पडली. इंजिनवाल्यानं वेळेवर बघितली, ओलं पोतं टाकलं, म्हणून कारखाना वाचला.

शेट मला म्हणाले, आप्पा, या धुराचं काहीतरी करा. आम्हा लिंगायतांना तिकडं सगळे आप्पाच म्हणतात, वय असो नसो. मी तेव्हा तिशीतला. परभणीला दोन वर्षं आयटीआय केलेलं, खिशाला पेन. सांगायला काय हरकत आहे — मला माझ्या डोक्याचा फार गर्व होता.

मी पेटी काढली. सिमेंटच्या गोणीच्या कागदावर आधी चित्र काढलं, मग पत्र्याचा पिंपासारखा डबा बनवला. आत जाळीचे तीन थर. थरांच्या मध्ये लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस आणि भट्टीच्या विटांचे बारीक तुकडे. धूर खालून आत शिरणार, या सगळ्यातून वाट काढत वर जाणार आणि काजळी आतच अडकणार. जाळी मी अगदी बारीक घेतली, मैदा चाळायच्या चाळणीला असते तशी. जाडी चालली असती. डबाही दुप्पट मोठा हवा होता. पण मला धूर नुसता कमी करायचा नव्हता, मला तो नाहीसा करून दाखवायचा होता.

शेटनी विचारलं, हे रोज साफ करायला माणूस लागेल का? मी म्हणालो, छे, एकदा बसवली की बघायचीसुद्धा गरज नाही. आणि बोललो ते खरं करायला पेटीचं झाकण मी वेल्डिंग करून बंद करून टाकलं. काजळी आत अडकत राहिली तर ती जाणार कुठं — हा प्रश्न मला पडला नसेल? पडला होता. मी तो बाजूला सारला.

दिवाळीच्या पाडव्याला इंजिन पेटीसकट सुरू झालं. शेटनी काठीला पांढरा रुमाल बांधून धुराड्यावर धरला आणि खाली घेतला, तर रुमाल जवळजवळ पांढराच. तो रुमाल घेऊन ते अख्ख्या मोंढ्यात, आमच्या घाऊक बाजारात, फिरले. पुढचा आठवडाभर मी मानवतच्या रस्त्यानं कसा चालत होतो ते आठवलं की आता हसू येतं, आणि मग हसू येत नाही.

आता लिंबाजी.

लिंबाजी आमचा इंजिनवाला. ठिणगी बघितली तो हाच. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, उंच, बोलायला कमी. पूर्णेकडच्या एका खेड्यातला, बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या वेळी गावात त्याचं घर जाळलं होतं. हे त्यानं कधी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. बायको आणि मुलगी घेऊन तो मानवतला आला, आणि इंजिन त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं म्हणून शेटनी त्याला ठेवून घेतलं. आमच्या कारखान्यात पाण्याचे माठ दोन होते. कुणी लिहून ठेवलं नव्हतं कोणता कुणाचा, पण चुकत कुणी नव्हतं. मीही चुकलो नाही कधी.

त्याच्याजवळ कसलं सर्टिफिकेट नव्हतं. तो बाभळीची एक काठी घ्यायचा, एक टोक बेअरिंगवर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि इंजिनाला कुठं काय दुखतंय ते सांगायचा. मी खोलून बघायचो तर तिथंच दुखत असायचं. हे मला आवडायचं का? कामाला सोपं जायचं. आवडायचं नाही.

पेटी बसवून तीनेक आठवडे झाले असतील. लिंबाजी माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, इंजिनाचा दम कोंडायलाय. पेटीतून धूर जायना झालाय. एकडाव खोलून बघा की."

चारचौघांत म्हणाला नाही, हे लक्षात घ्या. मला एकट्याला बाजूला गाठून म्हणाला. मी काय केलं? मी हसलो. इंजिन जुनं झालंय, तू तुझं तेल-पाणी बघ, असं काहीतरी बोललो. माझ्या पेटीत खोट काढणारा हा कोण, असं मनात आलं. आणि हा "कोण" मी कोणत्या अर्थानं म्हणालो असेन? तुम्ही समजलात. माझे वडील सांगायचे, इष्टलिंग सगळ्यांच्या तळहातावर सारखंच असतं. मी रोज सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा करत होतो आणि दुपारी असा विचार करत होतो.

डिझेलचं सांगतो. डिझेल एका मोठ्या पिंपात असायचं आणि मोजायला खाचा पाडलेली लाकडी काठी. सकाळी मुनीमजींसमोर लिंबाजी काठी पिंपात सोडायचा, संध्याकाळी परत सोडायचा, ओली खाच दाखवायचा. दिवसभरात किती गेलं ते असं कळायचं. मार्गशीर्षात रोज एक खाच जास्त जायला लागली. पौषात दोन. काम तेवढंच, कापूस तेवढाच आणि डिझेल मात्र वाढत चाललं.

यात गूढ काही नव्हतं. इंजिन आत डिझेल जाळतं, आणि जळलेला धूर बाहेर टाकल्याशिवाय त्याला दुसरा श्वास घेता येत नाही. वाट मोकळी असेल तर धूर सहज जातो. वाट बुजली की इंजिनाला तो ढकलून बाहेर काढावा लागतो, आणि या ढकलण्याचं बळही डिझेलमधूनच येतं. माझी पेटी काजळी जितकी चांगली धरत होती तितकी ती आतून बुजत होती. जाळी बारीक, डबा लहान, झाकण बंद. आयटीआयच्या पोरालाही हे कळलं असतं.

मला कळलं का? इथंच मी अडखळतो.

कळलं. मी पडताळून पाहिलं. लिंबाजी भाकरी खायला बसायचा तेव्हा इंजिनाजवळ मी थांबायचो. एका दुपारी तो असाच पलीकडं लिंबाखाली बसला होता. मी पाना घेतला आणि पेटीच्या अलीकडं पाइपाचा जो जोड होता त्याचे चार नट ढिले केले. धूर फटीतून बाहेर पडायला लागला — आणि इंजिनाचा आवाज बदलला. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर हमाल कसा मोकळा होतो, तसा. डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा दांडा माझ्या डोळ्यांसमोर मागं सरकला. चाक तेवढंच फिरत होतं, पट्टे तसेच पळत होते, आणि इंजिन कमी डिझेल मागत होतं.

मग चारही नट परत आवळले.

लिंबाजी हात पुसत आला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं — कोपरापर्यंत काजळी होती — मग पाइपाच्या जोडाकडं बघितलं. त्याला वाटलं असेल, आप्पाला समजलं, आता आप्पा करील काहीतरी. मला समजलं होतंच.

मी करणारही होतो. संक्रांतीला कारखाना बंद असायचा. त्या दिवशी कुणी नसताना झाकण कापायचं, पेटी साफ करायची, परत बसवायची. कुणाला पत्ता लागणार नाही, माझा शब्द खोटा पडणार नाही. संक्रांत बारा-तेरा दिवसांवर होती. तेवढे दिवस कसे निघाले की झालं, असा माझा हिशेब होता.

ते निघाले नाहीत. मुनीमजींनी शेटच्या कानावर घातलं की डिझेल पिंपातून बाहेर चाललंय, डिझेलपंपवाल्या शेतकऱ्यांना विकलं जातंय. संक्रांतीच्या आदल्या सकाळी शेट अंगणात आले. गाड्या लागलेल्या, कापूस उतरत होता, माणसं उभी होती. मुनीमजी म्हणाले, पिंपाला इंजिनवाल्याशिवाय हात लावतो कोण?

मी तुम्हाला खरं सांगतो, कुणालाही नवल वाटलं नाही. माणसांच्या चेहऱ्यावर नुसतं "तरीच" असं होतं. त्या वर्षांत तशा माणसाबद्दल तसं काही ऐकलं की लोकांना पुरावा लागत नसे. लिंबाजीनं आधी मुनीमजींकडं बघितलं, मग शेटकडं.

"म्या थेंब सुदीक उचलला न्हाई, शेट," तो म्हणाला. "आप्पाला इचारा. पेटी त्यांची हाय."

बस, एवढंच. आप्पानं नट ढिले करून बघितले, आप्पाला ठाऊक आहे, असं तो म्हणाला नाही. त्याला ते म्हणता आलं असतं. ते त्यानं माझ्यावर सोडलं.

शेट वळले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, आप्पा, तुम्ही सांगा, पेटीमुळं डिझेल जास्त जातं का?

किती सोपं होतं. हो म्हणायचं. फार तर काय झालं असतं? शेट दोन शब्द बोलले असते, मोंढ्यात चार दिवस हसले असते, मी पेटी खोलून सुधारली असती. माझी नोकरी जात नव्हती. माझं घर कुणी जाळणार नव्हतं. एवढं सगळं मला त्या क्षणी दिसत होतं — मला सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हणालो, "पेटीचा आणि डिझेलचा काही संबंध नाही."

आणि तिथं थांबलो असतो तर निदान भेकड ठरलो असतो. थांबलो नाही. कुणीही विचारलं नसताना पुढं म्हणालो, "पेटी नुसता धूर गाळते. डिझेल कुठं जातंय ते पिंपाजवळ असणाऱ्याला माहीत."

हे दुसरं वाक्य का बोललो? इतकी वर्षं मी त्याच्याभोवती फिरतोय. पहिल्यासाठी भीती होती. दुसऱ्यासाठी काहीच नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते, माझं बोलणं पटत होतं आणि मला बरं वाटत होतं.

लिंबाजीनं खुंटीवरचा पटका घेतला. जाताना त्यानं त्याच्या जागी उभ्या केलेल्या माणसाला सांगितलं की डावीकडच्या बेअरिंगला तासाला तेल लागतंय, विसरू नको. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

संक्रांतीला मी एकटाच कारखान्यात गेलो. भर दिवसा, गावात बाया वाणाचं ताट घेऊन या घरातून त्या घरात चालल्या होत्या. मी छिन्नीनं झाकणाचं वेल्डिंग तोडलं. आत जाळी दिसतच नव्हती, नुसती काळी ढेप झाली होती. रॉकेलनं, सोड्यानं घासून काढली, कीस बदलला, परत वेल्डिंग केलं. घरी गेलो तर बायकोनं तीळगूळ हातावर ठेवला. नखं काळी होती. तिनं विचारलं, आज सणाचं कुठं काम केलंत? मी म्हणालो, गाडी बिघडली होती एकाची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी पिंपात सोडली, तर डिझेल दोन खाचा कमी गेलं होतं. मुनीमजींनी काठी उंच धरून सगळ्यांना दाखवली. बघा, म्हणाले, माणूस बदलला आणि डिझेल जागेवर आलं.

तुमच्या लक्षात येतंय ना मी काय केलं ते? पेटी घाण ठेवली असती तरी तो पुढंमागं सुटला असता. नवा माणूस आला तरी डिझेल जातंच आहे हे बघून कुणालातरी शंका आली असती. मी पेटी साफ केली आणि त्याची चोरी सिद्ध करून टाकली. सूड घ्यायचा म्हणून ठरवून केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं. माझा सूड कसला, त्यानं माझं काय केलं होतं?

ही गोष्ट जिनिंगांच्या वर्तुळात फिरली. सेलू, पाथरी, मानवत, त्याला कुणी इंजिनाजवळ उभं केलं नाही.

माझं मात्र नाव झालं. देवगाव फाट्यावरून, सेलूहून लोक पेटी बघायला यायचे, तशी करून मागायचे. मी पुष्कळ केल्या. डबा मोठा, जाळी जाड, आणि बाजूला कोयंडा लावलेलं दार. घेणाऱ्याला मी बजावायचो, दर आठ दिवसांनी दार उघडून काजळी झाडा, नाहीतर इंजिन डिझेल जास्त खाईल. हेच शब्द. त्याच अंगणात उभं राहून, कधी मुनीमजी चार हातांवर बसलेले असताना. कुणाला काही आठवलं नाही. की आठवलं आणि गप्प बसले? जाऊ द्या. दुसऱ्यांच्या अंगावर ढकलायला मी इथं बसलो नाही.

पाच-सहा वर्षांनी तो मला भेटला. चुडाव्याला नात्यातलं लग्न आटोपून मी स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. रुळांवर खडी टाकायचं काम चाललं होतं. टोपलं खाली ठेवून एक माणूस माझ्याकडं आला. मी आधी ओळखलंच नाही, इतका वाळला होता.

"बरं हाय का, आप्पा?" त्यानंच विचारलं.

मी घरचं विचारलं. बायको वारली होती. मुलगी नववीत होती ती शाळेतून काढावी लागली, मग पूर्णेत दिली. हे सगळं त्यानं गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "पेटीला दार केलं म्हनं तुमी."

"केलं," मी म्हणालो.

"कवा खोलता?"

"दर आठ दिवसाला."

त्यानं मान हलवली. "मग बरं हाय. लय चांगलं इंजिन ते. उगं मरायलं होतं."

दर आठ दिवसाला — या शब्दांत मी सगळं कबूल केलं होतं. त्याला ते कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं. गाडी आली. मी चढून खिडकीशी बसलो. तो खाली, खिडकीसमोर उभा राहिला. गाडी तिथं दोन मिनिटं थांबते. कामावरचा मुकादम त्याला हाक मारत होता तरी तो हलला नाही. कशासाठी उभा होता? इंजिनाबद्दल तर बोलून झालं होतं. मला वाटतं, त्या सकाळी अंगणात जसा उभा होता तसाच तो तिथं उभा होता, माझ्या तोंडाकडं बघत.

मी म्हणालो, "बरं, येतो मग." गाडी सुटली.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं गेली. जिनिंगला मोटारी बसल्या, इंजिन भंगारात गेलं, पेट्या गेल्या. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्या संक्रांतीला मी पूर्णेत होतो, मुलीच्या सासरी. रस्त्यानं निळे झेंडे घेऊन मिरवणूक चालली होती, म्हातारी माणसं रडत होती, पोरं नाचत होती. मी एका हॉटेलात चहा घेत बसलो होतो आणि त्या माणसांत एक उंच माणूस शोधत होतो. दिसला असता तर उठलो असतो का? मला नाही वाटत.

दिसला नाही. म्हणून हॉटेलवाल्याला विचारलं, इकडं कुणी लिंबाजी असायचा, चुडाव्याच्या स्टेशनवर खडीच्या कामाला, मागं मानवतच्या जिनात इंजिनवर होता. हॉटेलवाला कपबशा विसळत होता. वर न बघता म्हणाला, तो मागच्या वर्षीच गेला. मग आठवल्यासारखं करून त्यानं मान वर केली.

"तेच ना, डिझेल चोरल्यालं?"

हॉटेलात आम्ही दोघंच होतो. लिंबाजी आता कुठंच नव्हता. शेट वारले होते, मुनीमजीही गेले होते. मला विचारणारं, अडवणारं, हसणारं कुणीही उरलं नव्हतं. फक्त नाही म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "हां, तोच."